सुटली म्हणायचं राहिलं

१० जानेवारी २०२६, शनिवार
लालबाग

श्रेया,

काल तुझ्या आईचा तेरावा झाला. आज सकाळी पाणी भरलं, दूध घेतलं, पेपर वाचला. अकरा वाजता मंडपवाल्याचा माणूस येऊन खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन गेला. दुपारी कोणी आलं नाही. संध्याकाळी दळण आणलं.

आधी वर 'चिरंजीव' लिहिलं होतं. तुला चालेल की नाही हे कळेना, म्हणून तो कागद बाजूला ठेवून हा घेतला.

तुला शेजारच्या जाईबाईंकडून कळलंच आहे, तरी रीतसर लिहितो. आई २८ डिसेंबरला पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. हृदयविकार. तीन दिवस परळला हॉस्पिटलात होती. फार त्रास झाला नाही. शेवटी काही बोलली नाही. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता आणि त्या धावपळीत शोधायचं सुचलं नाही. जाईबाईंनी चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा तू "आता येऊन काय करू" म्हणालीस असं त्यांनी सांगितलं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. तुझा बंगळुरूचा पत्ता त्यांच्याकडूनच घेतला आहे.

घरात फरक काही नाही. चाळीच्या फाटकाजवळचा फळा मात्र दोन आठवडे कोरा आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मी एक सकाळ चुकवली नव्हती. वर बातमी, खाली दोन ओळींत माझं मत, कोपऱ्यात सही. आज दळण घेऊन येताना कुशाबाने फाटकातच गाठलं. तो तिथेच स्टूल टाकून बसलेला असतो.

"राजाराम, तुझं दुःख मी समजतो," तो म्हणाला. "पण पालिकेचं मतदान पाच दिवसांवर आलंय. कुणाला शिव्या घालायच्या ते तू सांगितल्याशिवाय चाळीला कळणार कसं?"

मी म्हटलं, "आचारसंहिता आहे."

"मग मोबाइलच्या गेमवर लिही. तो तुझा आवडता विषय. त्याला कुठे आचारसंहिता?"

गमतीने बोलला. मी वर आलो.

आईचं घड्याळ, चष्मा आणि लोकरीची शाल ठेवली आहे. हवं असल्यास कळव. हे पत्र सोमवारी टाकीन. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, सगळं स्पीड पोस्टनेच जातं, असं खिडकीवर सांगतात.

बाबा


१६ जानेवारी २०२६, शुक्रवार

श्रेया,

काल मतदान झालं, आज निकाल. सकाळपासून खाली फटाके वाजत आहेत. आधी एका बाजूचे वाजले, दुपारनंतर दुसऱ्या. मी मत दिलं. कोणाला ते लिहीत नाही. इतकंच लिहितो की नऊ वर्षं निवडणूक झाली नाही तरी आपला नळ सकाळी त्याच वेळेला येत होता आणि तितकाच वेळ चालत होता.

परवा पक्षाची मुलं चिठ्ठ्या वाटत आली. आईच्या नावाची चिठ्ठीही दिली. मी म्हटलं, त्या वारल्या. तो मुलगा मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "काका, यादीत आहेत." मी म्हटलं, "यादीत असतील." तो म्हणाला, "मग राहू द्या तुमच्याकडे." ती चिठ्ठी मी खणात ठेवली आहे.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. चार दिवसांत यावं अशी अपेक्षाही नव्हती. पण तू तो जुना फळा मनात धरून बसली आहेस असं मला वाटतं, म्हणून एकदा माझी बाजू लिहून टाकतो.

चाळीतल्या भिवाच्या मुलाने, राहुलने, कॉलेजच्या फीचे पैसे मोबाइलवरच्या खेळात घालवले होते. भिवा माझ्यासमोर बसून रडला. त्याला मी काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी लिहिलं, "मुलांना जुगार लावणाऱ्या कंपन्यांना आपण शिव्या देतो. त्यांत पगार घेणारे कोणाच्या घरचे आहेत, हेही एकदा पाहावे. या चाळीतही पाहावे." नाव घातलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरावर बोट दाखवायचं आणि स्वतःचं घर झाकायचं, हे मला जमलं नसतं. तू दोन दिवसांसाठी आली होतीस हे मला माहीत होतं. तू पाव आणायला खाली जाशील हे त्या वेळी डोक्यात नव्हतं.

तू वर येऊन म्हणालीस, "मी तिथे चित्रं काढते, बाबा. सोंगट्यांचे रंग ठरवते." मी म्हणालो, जुगाराच्या अड्ड्याबाहेर रांगोळी काढणाराही अड्ड्याचाच माणूस. हे वाक्य मला त्या वेळी चांगलं सुचलं असं वाटलं होतं.

मग तू म्हणालीस, "तुम्ही मला घरात विचारू शकला असतात. फळ्यावर विचारलंत."

त्यानंतर रागात मी काही बोललो. रागात माणूस बोलतो. त्याला दोन वर्षं होतील पुढच्या महिन्यात.

मागच्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि पैशांचे खेळ बंद झाले, तेव्हा माझं म्हणणं दिल्लीलाही पटलं असं मी म्हटलं तर त्यात चूक काय? तुझी कंपनी बंद झाली असं कानावर आलं. तुझी नोकरी गेली असेल तर वाईट वाटतं. पण कायदा योग्यच आहे.

बाबा


२० जानेवारी २०२६, मंगळवार

श्रेया,

गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर होतं. ते माझ्या नावावर करायला गेलो. मृत्यूचा दाखला दिला, आधार दिलं, फॉर्म भरला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ओटीपी सांगा." मी माझा फोन पाहिला. ती म्हणाली, "तुमच्या नाही, मॅडमच्या नंबरवर गेलाय." मी दाखल्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "सर, मला कळतंय, पण सिस्टीम पुढे जात नाही." रांगेत मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं, म्हणून मी बाजूला झालो.

घरी येऊन आईचा फोन शोधला. कपाटात, साड्यांच्या खाली होता. चार्जरची पिन सैल आहे, हाताने दाबून धरली तरच लागते. अर्धा तास दाबून धरून बसलो. फोनला कुलूप नव्हतं. ओटीपी आला होता आणि त्याची मुदत संपली होती.

पहिल्याच पानावर चार रंगांच्या सोंगट्यांचं चित्र होतं. मी ते दाबलं. इंग्रजीत आणि मराठीत आलं की ही सेवा आता उपलब्ध नाही, आपल्या साथीबद्दल आभार. खाली कंपनीचं नाव होतं. तुझ्या.

मला आधी राग आला, हे लिहायला हवं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, असं वाटलं. फोन घेऊन तसाच जाईबाईंकडे गेलो. त्या कुळीथ निवडत होत्या.

"ह्या काय?" मी विचारलं.

त्यांनी फोनकडे पाहिलं आणि कुळीथ निवडत राहिल्या. "तुका म्हायत नाय होता?" म्हणाल्या. "अरे, दुपारचे तीन वाजले काय आमचो डाव लागायचो. श्रेया थंयसून, आमी दोघी हंयसून. चौथ्या जाग्यार मशीन."

"पैसे लावून?"

"तुज्या तोंडात तोच शब्द. फुकट रे. फुकट. माज्याकडे खंयचे पैसे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोलायची सोय त्या खेळात नव्हती, लिहायचीही नव्हती. सहा चित्रं होती, तीच पाठवता यायची. हसणारं तोंड, रडणारं तोंड, रागावलेलं तोंड, टाळ्या, जोडलेले हात आणि चहाचा कप. तू आधी चहाचा कप पाठवायचीस, मग आई पाठवायची, मग डाव सुरू व्हायचा. आईचं तिथलं नाव तू 'फळेवाली' ठेवलं होतंस आणि जाईबाईंचं 'जाई किंग'. त्या म्हणाल्या, आई तुझी सोंगटी कधी मारायची नाही. तू रागावलेलं तोंड पाठवायचीस, मग मारायची.

"मी म्हटलंय तिका, येवढी आठवण येता तर लाव की फोन. तर म्हणाली, फोनची शपथ आसा. खेळाची खंय घातलीहा? तितक्यापुरती हुशार होती ती."

मी फोन खिशात ठेवला.

"आनी चौथ्या जाग्यासाठी तुका इचारल्यान होता तिना. इसारलंस?"

विसरलो नव्हतो. त्याच क्षणी आठवलं. तू गेलीस त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "सोंगट्या खेळायला बसता का? चौथं माणूस नाही." मी म्हटलं, या वयात कसल्या सोंगट्या. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

पहिली दोन पत्रं तुला मिळाली असतील. ती परत मागवता येत नाहीत.

बाबा


२८ जानेवारी २०२६, बुधवार

श्रेया,

आज महिना झाला. भटजींना सांगितलं होतं, ते येऊन गेले. भात कावळ्याने लगेच घेतला. भटजी म्हणाले, मागे काही इच्छा राहिली नाही. मी त्यांना दक्षिणा दिली.

आधीच्या पत्रांत काही गोष्टी मी खोट्या लिहिल्या आहेत. त्या क्रमाने दुरुस्त करतो.

तुझा नंबर नव्हता असं लिहिलं. नंबर होता. माझ्या फोनमध्ये तुझं नाव होतं तसंच आहे. हॉस्पिटलच्या बाकावर मी तो तीनदा काढला. माझी शपथ मी कशी मोडू असं वाटलं, असं लिहिता आलं असतं, पण तेही खरं नाही. तू येशील, चाळ जमलेली असेल आणि सगळ्यांसमोर तू माझ्याशी बोलणार नाहीस, ही भीती होती. त्या भीतीपायी तुला आईचा चेहरा बघता आला नाही.

रागात काही बोललो असं लिहिलं. काय बोललो ते तुला माहीत आहे, तरी मी लिहायला हवं. तू बॅग भरत होतीस. मी तुम्हां दोघींना म्हणालो, "या घरातून हिला फोन गेला, किंवा हिचा इथे आला, तर माझं मेलेलं तोंड बघाल." आपल्याकडे हे सगळेच बोलतात. माझी आई दिवसातून दोनदा बोलायची, जेवला नाहीस तर, भिजलास तर. आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच "सुटली, सुटली" म्हणून टाकायची. घातली तशी सोडवायची असते आणि ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. मी सोडवली नाही. पहिले काही महिने रागाने सोडवली नाही. नंतर तो विषय काढायला लागेल म्हणून सोडवली नाही.

तुझी आई ही शपथ खरी धरून बसली. तिला माझा राग आला असेलच. पण फोन केला आणि मला काही झालं तर, या धास्तीने ती दोन वर्षं गप्प राहिली. मी मरू नये म्हणून.

आता कायद्याचं. कायदा झाला त्या शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं, "उशिरा का होईना, योग्य कायदा. अभिनंदन." भाजी घेऊन येताना तिने तो वाचला. जाईबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या की ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ फळ्यासमोर उभी होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "म्हणजे नेमकं काय बंद होणार?" तिने माझ्या फळ्याबद्दल विचारलं याचा मला आनंद झाला. मी पेपर उघडून तिला एकेक कलम समजावून सांगितलं. पस्तीस वर्षं मी हेच केलं, लोकांना कलमं समजावली. ती उभ्यानेच ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि फुकटचं? ते पण बंद होणार?"

मी म्हटलं, "मुळापासून उपटलं पाहिजे."

कायद्यात फुकटच्या खेळाला बंदी नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं. पैशांचा खेळ गेल्यावर तुझ्या कंपनीने सगळंच दुकान गुंडाळलं. म्हणजे कायद्याचा दोष नाही, आणि माझं मत आजही तेच आहे. हे मी तुझ्याशी वाद घालायला लिहीत नाही. आईला मी त्या दिवशी खरं उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो.

गणपतीच्या आधीचा तो रविवार. जाईबाई म्हणाल्या, तू त्या दिवशी पुन्हापुन्हा जोडलेले हात पाठवत होतीस. आई म्हणाली, "आज हिला काय झालंय, सारखी नमस्कार करतेय." तिला वाटलं उद्या परत खेळायचंच आहे. सोमवारी तीन वाजता दोघी फोन घेऊन बसल्या आणि ते पान आलं. जाईबाईंनी फोन बंद केला. आई साडेचार वाजेपर्यंत ते पान बघत होती.

त्यानंतरचे चार महिने ती दुपारी झोपायला लागली. मी समजलो, वय झालं.

काल भिवा जिन्यात भेटला. मी राहुलची चौकशी केली. म्हणाला, "राहुल? तो खेळतो की अजून. बाहेरच्या देशातलं कसलं तरी अ‍ॅप काढलंय पोरांनी. कायदा तुमच्या-माझ्यासाठी, भाऊ." एवढं बोलून दूध आणायला गेला.

शेवटचं. शेवटी ती काही बोलली नाही असं मी लिहिलं. ती बोलली. २७ तारखेला संध्याकाळी. नर्स नुकतीच येऊन गेली होती. मला म्हणाली, "अहो, आता सुटली म्हणा ना. तिला एकदा हाक मारते."

मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलतेय. विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "आधी बरी हो. घरी गेल्यावर बघू."

ती बरं म्हणाली. माझ्यावर तिचा नेहमीसारखा विश्वास होता.

बाबा


१ फेब्रुवारी २०२६, रविवार

श्रेया,

आज बजेट आहे. दर वर्षी बजेटच्या दिवशी मी फळा तीनदा लिहितो. सकाळी अंदाज, दुपारी आकडे, संध्याकाळी मत. आज सकाळी आठ वाजता मी खडूचा खोका आणि ओलं फडकं घेऊन खाली गेलो. कुशाबा स्टूलवर होता. मला बघून उठून उभा राहिला, टोपी नीट केली.

"आला," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, बजेट चुकवणार नाही हा."

जाळीचं कुलूप काढून फळा पुसला. ओल्यावर खडू उठत नाही, म्हणून वाळेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात पाचसहा जण जमले. भिवा होता. जाईबाई वर गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मला वाटलं होतं, तुझ्याबद्दल जे लिहिलं ते जिथे लिहिलं तिथेच मागे घ्यावं. वाक्यही घरून करून आणलं होतं. फळा वाळला. मी खडू हातात घेतला.

मग तुझं ते बोलणं आठवलं. घरात विचारू शकला असतात. हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर चाळीने वाचलं असतं. कुशाबा म्हणाला असता, राजाराम मोठ्या मनाचा माणूस. संध्याकाळपर्यंत मलाही ते पटलं असतं.

मी खडू खोक्यात ठेवला.

"काय झालं?" कुशाबा म्हणाला.

मी म्हटलं, "आज मत नाही."

"बजेटवर मत नाही?"

"कशावरच नाही."

तो पुन्हा स्टूलवर बसला. "मग आम्ही काय करायचं?" म्हणाला. मी म्हटलं, "टीव्ही बघा." फळ्याची चावी चाळ कमिटीकडे दिली आणि वर आलो.

दार लावलं. स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "सुटली." शपथ तोंडाने सोडवायची असते, लिहून चालत नाही असं माझी आई म्हणायची, म्हणून आधी तोंडाने म्हटलं. तुझ्या आईला घातलेली सुटली की नाही, हे मला माहीत नाही. जिला ऐकायची होती ती ऐकायला नव्हती. पण ती मी दोघींना घातली होती. तू अशा गोष्टी मानतेस असं मला कधी वाटलं नाही. तरी दोन वर्षांत तुझा एकही फोन या घरात आला नाही. आई गेली तेव्हाही तू जाईबाईंच्याच फोनवर बोललीस. तो राग होता की तूही आईसारखीच माझ्या जिवाला जपत होतीस, हे मी तुला विचारणार नाही. उत्तर कोणतंही आलं तरी ते ऐकायची लायकी मी ठेवलेली नाही.

म्हणून फक्त लिहितो. शपथ सुटली. तुझी सुटली. तू या घरात फोन कर किंवा करू नकोस. मला काही होणार नाही. आणि झालंच तर ते तुझ्यामुळे होणार नाही.

माझ्याशी बोलावंस असं या पत्रात काही नाही. आईचा नंबर मी चालू ठेवला आहे, इतकंच. गॅसवाल्यांना पुन्हा ओटीपी लागणार आहे, तेही एक कारण आहे.

हे पत्र उद्या टाकतो.

आता तीन वाजायला आले आहेत. शेजारी टीव्हीवर बजेटची चर्चा चालू आहे, भिंतीतून ऐकू येते. आईच्या फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून चार्जिंगला लावला. पिन सैल आहे, सोडली की निघते. दोनदा निघाली. मग खाली खडूचा खोका सरकवला तेव्हा लागली.

बाबा